केळं, केयं, तेयं : बालभाषेच्या अभ्यासकांना खुलं पत्र

प्रति,
लहान मुलांच्या वाचा-भाषा विकासावर संशोधन करणारे प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी, आणि त्यावरून चाचण्या तयार करून तालुक्या-तालुक्याला पाठवणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

पत्राला कारण एक केळं.

वाचा-श्रवणतज्ज्ञ म्हणून माझं ते दुसरं वर्ष होतं. चोपड्याकडचा साडेचार वर्षांचा मुलगा आजीबरोबर आला होता. मी चित्रांचं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर केळं. "हे काय आहे?" मुलगा म्हणाला, "तेयं." डोळ्याच्या चित्राला "डोया" म्हणाला, शाळेच्या चित्राला "शाया". काळ्या मांजरावर बोट ठेवून विचारलं, "रंग कोणता?" तर "ताया". मी एकेका शब्दाभोवती लाल गोल करत गेले आणि शेवटी फाइलवर लिहिलं : 'ळ'चा उच्चार सदोष, 'ळ'ऐवजी 'य'.

पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा आजी त्याला एसटीनं घेऊन यायची. आम्ही आरशासमोर बसायचो. मी त्याच्या टाळूला मागच्या बाजूला मधाचं बोट लावायची आणि जीभ उलटी वळवून तो चाटायला सांगायची. पोरगं हुशार होतं आणि मध त्याला आवडायचा. दोन महिन्यांनी त्यानं त्याच चित्राकडे बघून स्वच्छ, ठसठशीत शब्द उच्चारला : "तेळं."

मी टाळ्या वाजवल्या. आजीनं वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "बाई, मी बी केयंच म्हनस. मंग माले बी शिकाडशी का? त्याना 'क' दख ना."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'क'च्या जागी 'त' आणि 'ग'च्या जागी 'द' आणणं दोन-अडीच वर्षांच्या मुलांत सर्रास दिसतं. साडेतीन-चारनंतरही ते टिकून राहिलं तर मात्र हात घालावा लागतो. मुलाचा खरा प्रश्न तोच होता आणि तो शब्दाच्या पहिल्याच अक्षरात बसला होता. मी मात्र दुसऱ्या अक्षराभोवती गोल केला, कारण पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यात 'ळ' होता आणि 'य' नव्हता. घरच्या अहिराणीतला बरोबर उच्चार मी दोन महिने मध लावून पुसला आणि खरा दोष जिथल्या तिथे ठेवला.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. आईशी बोलताना मी आजही 'केयं'च म्हणते. पण मुंबईत शिकून आले, खुर्चीत बसले, पुस्तक उघडलं की माझ्या आईचा उच्चार मला दोष वाटायला लागला होता. त्या पुस्तकात खोटं काहीच नव्हतं. ते कुठल्या तरी शहरातल्या प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरांवरून तयार झालं होतं, आणि तसं त्यावर छापायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर मी कानानं ऐकायला शिकले. प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातलं लहान मूल 'ळ' जमेपर्यंत बहुधा 'ल' आणतं, म्हणजे 'केलं', 'डोला'. अहिराणी घरातलं मूल 'य' म्हणतं तेव्हा त्याला काहीही 'जमलेलं नाही' असं नसतं. त्याच्या घरात तो 'य'च असतो, जसा पाण्यातला 'ण' 'न' असतो. हा फरक समजायला यंत्र लागत नाही. आजीला दोन शब्द बोलायला लावलं की पुरतं. आता मी मुलाच्या आधी त्याच्या माणसांना चित्रं दाखवते. ही पद्धत कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही, त्या आजीकडून घेतलेली आहे.

तो मुलगा सुधारला. 'क' यायला चार महिने लागले. घरी केयं म्हणतो, शाळेत केळं म्हणतो, आणि कुठे काय म्हणायचं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता तुमच्याकडे वळते.

२०११च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली अठरा लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा नोंदलेली आहे, आणि त्यातला मोठा वाटा अहिराणीचा. जनगणनेनं तिला मराठीपासून वेगळं मोजलं. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीला भिली भाषांच्या खंडात जागा मिळाली. ती मराठीची बोली की वेगळी भाषा हा वाद तुम्ही चर्चासत्रात घाला, मला त्यात पडायचं नाही. अडीच वर्षांच्या पोराला कशालाही काहीही नाव द्या, ते 'माले' आणि 'तुले' म्हणणार, 'घरमा' म्हणणार आणि 'आहे'च्या जागी 'शे' म्हणणार. माझा प्रश्न एवढाच आहे की ते हे कोणत्या वयात म्हणायला लागतं? दोन शब्द जोडून पहिलं वाक्य करतं तेव्हा त्यात 'शे' असतो की गळतो? 'ले' आधी येतो की 'मा'? पुण्यातल्या मुलाचं 'ला' आणि 'त' कधी येतं यावरून मी अंदाज बांधते. अंदाजावर कुणाच्या मुलाला 'मागे पडलेलं' ठरवायचं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापानं चप्पल विकत घेण्यासारखं आहे.

हे दुखणं एकट्या अहिराणीचं नाही हे मला माहीत आहे. २०२२ साली एव्हन किड आणि रोवेना गार्सिया या दोघांनी तुमच्याच क्षेत्राचा हिशेब मांडला. बालभाषेवरच्या चार मोठ्या नियतकालिकांचे जवळपास पंचेचाळीस वर्षांचे अंक त्यांनी चाळले. जगात सात हजारांच्या आसपास भाषा, आणि त्यांतल्या जेमतेम १०३ भाषांवर किमान एखादा लेख. म्हणजे सुमारे दीड टक्का. त्यातही इंग्रजीचाच वरचष्मा. मूल भाषा कसं शिकतं याबद्दल आपण जे छातीठोक सांगतो, ते या दीड टक्क्यावर उभं आहे.

गंमत म्हणजे आपल्या भाषा या संशोधनात नव्हत्या असंही नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४चा प्रयोग तुम्ही वर्गात शिकवताच. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली कॅनडातली बाळं. त्यांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत तो जवळजवळ मावळला, कारण त्यांच्या घरात तो फरक कुणाला लागतच नव्हता. आपल्याला जन्मभर पुरणाऱ्या त-ट वर अख्खं शास्त्र पुढे सरकलं, आणि ती बाळं इंग्रजी घरांतली!

मग हा प्रयोग इथे करा ना. अहिराणी घरातल्या बाळाला 'ळ' आणि 'य'मधला फरक सहाव्या महिन्यात ऐकू येत असणार. वर्षाचं होईपर्यंत तो टिकतो का? आजी 'केयं' म्हणते, टीव्हीवरची बाई 'केळं' म्हणते, आणि गावात दोन्ही चालतं. अशा घरातल्या बाळाच्या कानाचं काय होतं? हे उत्तर कॅनडातल्या व्हँकुव्हरला बसून मिळणार नाही. पारोळ्याला किंवा शिंदखेड्याला मिळेल.

आणखी एक आठवण करून देते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ साली जगातल्या सहा भाषांमधल्या 'बाळबोली'ची तुलना केली, म्हणजे मोठी माणसं तान्ह्याशी ज्या वेगळ्या शब्दांत बोलतात ती भाषा. अरबी, स्पॅनिश, इंग्रजी यांच्या पंगतीला मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. भूर, मम्म, जोजो, बाऊ या शब्दांकडे शास्त्र म्हणून बघणारा माणूस आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी होऊन गेला. तेव्हा टेपरेकॉर्डर उचलायला दोन माणसं लागत असतील. आज अंगणवाडीतल्या प्रत्येक सेविकेच्या हातात मोबाइल आहे.

आता दुसरी बाजू. केळ्याच्या गोष्टीत बोलीला दोष ठरवलं गेलं. याच्या बरोबर उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते.

नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी. घरात मावची ही तिथली आदिवासी बोली बोलतात. माझ्याकडे आली तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. सोबतच्या कागदावर कुणीतरी लिहिलं होतं : 'अंगणवाडीत बोलत नाही. घरची भाषा वेगळी असल्याने मराठी समजत नाही.' वाचायला किती समंजस वाटतं! घरचे म्हणत होते, तिचा बापही उशिराच बोलला होता. मी विचारलं, मावचीत बोलते का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मावचीतही बोलत नव्हती. हा प्रश्न त्याआधी कुणी विचारलाच नव्हता.

ऐकू येतं यावर सगळ्यांचा पक्का विश्वास होता. परात पडली की वळून बघते, दारात कुणी आलं की कळतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर परात पडली तर तिचा धक्का तळपायाला लागतो. दारात माणूस उभा राहिला की उजेड हलतो. पाठीमागे टाळी वाजवली तर वाऱ्याची झुळूक मानेला लागते. पोर आपल्या परीनं जगाचा अंदाज घेत होती, आणि तिच्या त्या हुशारीनंच सगळे फसले. बेरा तपासणीत, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते मोजणाऱ्या चाचणीत, दोन्ही कानांचं ऐकणं जवळपास नाहीच असं निघालं.

आई रडत म्हणाली, "पण तान्ही असताना आवाज काढायची की!" काढतच असणार. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला हुंकारतं, किंचाळतं, हसतं. 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ मात्र त्याच्याकडून वेळेवर येत नाही. किम्ब्रो ओलर आणि रिबेका आयलर्स यांनी हे १९८८ साली दाखवून दिलं. ऐकणारी बाळं ही माळ दहाव्या महिन्याच्या आत ओवायला लागतात, न ऐकणाऱ्यांना त्याहून उशीर होतो. म्हणजे 'माळ कधी आली?' या एका प्रश्नानं ती मुलगी वर्षाची व्हायच्या आत सापडली असती. पण तो प्रश्न आईला तिच्या भाषेत विचारायला हवा. "बाळ बडबड करतं का?" असं प्रमाण मराठीत विचारलं की पाड्यावरची आई 'हो' म्हणते. साहेबाला 'नाही' कसं म्हणायचं?

नियम छान आहेत. पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे आम्ही सगळे पाठ म्हणतो. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८च्या अभ्यासानं सहा महिन्यांच्या आत सापडलेल्या मुलांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा किती पुढे जाते ते दाखवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून चालू आहे. पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, आणि त्यांच्या यादीत श्रवणदोष आहे, भाषेचा उशीरही आहे. पण पथकाच्या हातातला कागद मराठीत आणि समोरची माय मावचीत, पावरीत, नाहीतर अहिराणीत. मधल्या फटीतून नवापूरची ती मुलगी निसटली. आता तिला श्रवणयंत्र आहे, विशेष शाळेत जाते, खुणांनी भराभरा बोलते. पण जी वर्षं गेली त्यांची भरपाई कोणत्याही यंत्रात नाही.

म्हणून म्हणते, बोलीचा अभ्यास हा हौसेचा विषय समजू नका. घरच्या भाषेत किती वयाला काय यायला हवं हे माहीत असेल, तरच 'बोली वेगळी आहे' आणि 'मूल मागे आहे' यांत फरक करता येतो. ते माहीत नसेल तर दोन्हीकडून चुकतं. चोपड्याच्या पोराला नको तो इलाज मिळतो आणि नवापूरच्या पोरीला हवा तो मिळत नाही.

तिसरा प्रकार हल्ली रोजचा झाला आहे. आईबाप येतात, मूल अडीच वर्षांचं, शब्द पाच-सहा. विचारपूस करताना कळतं की घरात कुणीतरी फर्मान काढलंय, पोराशी अहिराणीत बोलायचं नाही. इंग्लिश मीडियमला घालायचंय ना. कधी हे फर्मान बापाचं असतं, कधी आत्याचं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण कधी डॉक्टरांचंही. मग आईजवळ उरतात दहा वाक्यं. 'कम हिअर', 'शूज घाल', 'डोन्ट टच'. जी बाई शेजारणीशी तासभर हातवारे करून बोलते, नवऱ्याची नक्कल करून अख्ख्या गल्लीला हसवते, ती स्वतःच्या मुलापुढे मुकी होते. उरलेली जागा मोबाइल भरून काढतो.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हे खरं नाही, हे तुम्ही लोकांनीच दाखवलेलं आहे. दोन भाषा ऐकणारी मुलंही पहिला शब्द त्याच सुमाराला बोलतात. आणि पडद्यावरून भाषा येत नाही हेही तुमचंच. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. बारा बैठका झाल्या. ज्यांच्यासमोर जिवंत माणूस बसून बोललं, खेळलं, ती त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. ज्यांना तेच सगळं पडद्यावर दाखवलं ती शिकली नाहीत. हा निष्कर्ष तुम्ही इंग्रजी नियतकालिकात छापून मोकळे झालात. माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला तो अहिराणीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. तक्रार नाही, सांगते मी. पण एखादं पान तुम्हीही लिहा की, इथल्या आयाबायांना वाचून दाखवता येईल असं.

शब्दांच्या मोजणीबद्दल एक बोलायचं राहिलं. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी कॅन्सासमधल्या ४२ घरांत जाऊन मुलांच्या कानावर पडणारे शब्द मोजले आणि १९९५ साली सांगितलं की गरीब घरातल्या मुलाला चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्द कमी मिळतात. हा आकडा आपल्याकडच्या प्रशिक्षणांतही फिरतो आणि तो ऐकून सेविकांचे चेहरे पडतात. त्यांना वाटतं, आपल्या पाड्यावरच्या आयाच कमी पडतात. पण २०१९ साली डग्लस स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्त्यांत पुन्हा मोजणी केली, घरातल्या इतर माणसांचं आणि आजूबाजूचं कानावर पडणारं बोलणंही धरलं, तेव्हा ती सरसकट दरी काही सापडली नाही. हे पुढचं पान प्रशिक्षणात का येत नाही?

आमच्याकडचं मूल कधी एकट्या आईच्या समोर बसून वाढलं? कापसाच्या शेतात बांधावरच्या झाडाला झोळी टांगलेली असते. चार बाया ओळीनं बोंडं वेचत असतात आणि तोंड चालूच असतं. कुणाची सून, कुणाचा भाव, कुणाचा बैल. सात वर्षांची बहीण झोळीला झोका देते आणि बाळाशी तिच्या अकलेनं बोलते. हे बोलणं कुठल्या रकान्यात टाकणार? बाळाला उद्देशून नाही म्हणून शून्य धरणार? मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया लोकांत तान्ह्यांशी थेट फार कमी बोलतात, तरी मुलं बोलायची वेळ चुकवत नाहीत, असं मरिसा कॅसिलास यांच्या गटाला २०२०मध्ये आढळलं. झोळीतलं मूल काय उचलतं हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

तेव्हा या. पण चित्रांचं तयार पुस्तक घरी ठेवून या. पालकांना विचारायची शब्दयादी आणणार असाल तर मराठीवरून भाषांतर करून आणू नका. इथे बसून सेविकेबरोबर नव्यानं लिहा. सुप, खापर, फवारणीचा पंप, ठिबकची नळी हे शब्द इथल्या दीड वर्षाच्या पोराला समजतात. छत्री त्याला जूनशिवाय दिसत नाही. उच्चारांचा तक्ता छापाल तेव्हा तो कोणत्या घरांतल्या किती मुलांवरून केला ते पहिल्या पानावर ठळक छापा. ज्या आजीचा अर्धा दिवस घ्याल तिची त्या दिवसाची मजुरी द्या. आणि जमवलेलं ध्वनिमुद्रण इथेही ठेवा. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, शाळेची पायरी न चढलेल्या आणि घरच्या बोलीत रचणाऱ्या बाईचं. त्या विद्यापीठात आमच्या मुलांच्या बोलण्याला एक कपाट मिळायला हरकत नसावी.

वेचणीच्या दिवसांत येऊ नका, कुणाला बोलायला सवड नसते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला या. सासरी गेलेल्या पोरी लेकरांना घेऊन माहेरी येतात. एका ओट्यावर तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची सगळी वयं सापडतील, वर त्यांच्या आया, मावश्या, आज्या. झाडाला झोके बांधलेले असतात आणि त्या चार दिवसांत अहिराणीत बोलू नका असं सांगायला कुणी मोकळं नसतं. ऊन चव्वेचाळीसच्या पुढे असतं, तेव्हा यंत्राची बॅटरी सावलीत ठेवा. दुपारी बारा ते चार सगळी पोरं झोपतात. कानाची चाचणी त्याच वेळात करून घेता येईल, झोपलेल्या बाळाची ती अगदी बिनबोभाट होते. यंत्र मी आणते.

आपली,
एक वाचा-श्रवणतज्ज्ञ, धुळे